खेळता खेळता वकील

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू म्हणालास, "काका, पुढचं सेमिस्टर सोडतो. फुटबॉलवर पूर्ण लक्ष देतो, शिक्षण नंतर बघू." तुझी आई उठून आत गेली. मी तिथे बोललो असतो तर वाद झाला असता, म्हणून हे पत्र.

मिनियापोलिसमध्ये वाढलास, इथल्या व्हायकिंग्ज या अमेरिकन फुटबॉल संघाची जांभळी जर्सी घालून फिरतोस, म्हणजे अ‍ॅलन पेज हे नाव तुला माहीत असणारच. १९७१ साली ते एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावफळीतल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. व्हायकिंग्जकडून चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, खेळले, चारही हरले. हे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

मला त्यांची वेगळी गोष्ट सांगायची आहे. खेळत असतानाच त्यांनी एकदा लॉ स्कूलमध्ये नाव घातलं आणि काही आठवड्यांत सोडूनही दिलं. जमलं नाही. एवढा नावाजलेला खेळाडू, पैसा हाताशी. पुन्हा त्या वाटेला गेलेच नसते तरी कुणी विचारलं नसतं. काही वर्षांनी ते पुन्हा गेले, मिनेसोटा विद्यापीठात, पहिल्या वर्षापासून. १९७७च्या जानेवारीत सुपर बोलसाठी मैदानात उतरले तेव्हा ते कायद्याचे विद्यार्थी होते. १९७८ मध्ये पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी व्हायकिंग्जनी त्यांना सोडलं. पत्नीबरोबर ते लांब पल्ल्याचं धावू लागले होते, वजन उतरलं होतं आणि प्रशिक्षकांच्या मते आता त्यांचा पूर्वीसारखा उपयोग नव्हता. पुढे शिकागो बेअर्सकडून ते १९८१ पर्यंत खेळले. पण व्हायकिंग्जनी 'नको' म्हटलं त्या दिवशी हा माणूस रिकाम्या हाताने उभा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी रिकाम्या हाताने उभा होतो. सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळताना गुडघा गेला, तेव्हा बी.कॉम. अर्धवट होतं. ते पूर्ण करायला मला सहा वर्षं लागली. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

पेज पुढे राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलाच्या, कार्यालयात होते. १९९२ मध्ये ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तराव्या वर्षी, २०१५ मध्ये, नियमानुसार निवृत्त झाले. पंधरा वर्षं मैदान, बावीस वर्षं न्यायासन.

त्यांचं गाव ओहायोमधलं कँटन. तरुणपणी त्यांनी तिथे एका बांधकामावर मजुरी केली होती, आणि ती इमारत होती प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर फुटबॉलपटूंच्या गौरव-संग्रहालयाची! १९८८ मध्ये त्याच हॉलमध्ये त्यांचा सन्मान झाला, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला त्यांनी कुणा प्रशिक्षकाला नाही, मिनियापोलिसच्या एका मुख्याध्यापिकेला बोलावलं. भाषणात बोलले ते शिक्षणाबद्दल. संघातल्या काही सहकाऱ्यांना प्लेबुकसुद्धा, म्हणजे संघाच्या डावपेचांची वही, नीट वाचता येत नव्हतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कॉलेजातून आलेले ते खेळाडू. मैदानावर उपयोगाचे होते तोवर कुणी त्यांना वाचायला शिकवलं नव्हतं. त्याच वर्षी पेज दांपत्याने शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली. तिची अट मला मनापासून आवडते: शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान शाळकरी मुलांना अभ्यासात मदत करायची.

फुटबॉल सोड असं मी म्हणत नाही. तुझा खेळ मी पाहिलाय. सीझनमध्ये सगळे विषय झेपणार नसतील तर दोनच घे, पण नाव काढून घेऊ नकोस. आणि एखाद्या विषयात नापास झालास तर पुन्हा बस, मी फी भरतो.

रविवारी सकाळी ये. कोर्सची यादी आणि सरावाचं वेळापत्रक, दोन्ही घेऊन ये. आईलाही आण, त्या दिवशी ती जेवण अर्धवट टाकून उठली होती.

तुझा,
काका