पैसे मंडळीतल्याच बंधूंकडे अडकलेत. कोर्टात जाऊ का?

प्रश्न: आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बंधूंना दुकानासाठी ३,५०,००० रुपये उसने दिले. बँकेतून दिले, पण कागद केला नाही, परतीची तारीखही ठरली नाही. २ वर्षं ८ महिने झाले. ते स्वतः पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर, आहेत. पाळकसाहेब म्हणतात, विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला कोर्टात खेचू नये. माझा भाऊ म्हणतो, वकील गाठ. काय करू? (एक भगिनी, नगर जिल्हा)

ताई, सलाम.

पाळकसाहेबांनी बायबलातल्या पौलाच्या पत्राचा अध्याय, १ करिंथ ६, अर्धाच सांगितला. पौल तिथे वाद गिळून टाका एवढंच म्हणत नाही. भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, असं पाचव्या वचनात खडसावतो. म्हणजे निवाडा करणं हे मंडळीचं काम आहे. सातव्या वचनातलं अन्याय सोसण्याचं, ज्याचे पैसे गेले त्यालाच ऐकवतात. आठव्यात भावालाच नाडणाऱ्यांची हजेरी घेतली आहे, ते कोणी वाचत नाही.

पण आधी कॅलेंडर बघा. तारीख न ठरलेल्या उसन्या पैशाच्या दाव्याला मुदत ३ वर्षं, तीही पैसे दिल्या दिवसापासून. तुमच्या हातात ४ महिने आहेत. फोनवर कितीदा ‘देतो’ म्हटलं तरी ती वाढत नाही. मुदतीच्या आत त्यांनी सहीनिशी देणं कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी ३ वर्षं मिळतात. मुदत उलटल्यावर घेतलेल्या नुसत्या कबुलीने ती परत येत नाही. मंडळीतले वाद नेमके इथे बुडतात: बैठका लांबतात, पाळकांची बदली होते, नवे पाळक पहिल्यापासून ऐकायला बसतात.

म्हणून मत्तय १८ची वाट धरा (आधी एकट्याने, मग दोघांसमोर, मग मंडळीसमोर), पण हातात कागद घेऊन. याच आठवड्यात एकट्याच भेटा. सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि लिहून नेलेला मजकूर: ‘मी अमुक, यांच्याकडून अमुक तारखेला ३,५०,००० रुपये उसने घेतले असून आज ती पूर्ण रक्कम देणे आहे.’ खाली तारीख, सही. ‘प्रभूच्या इच्छेने जमेल तसं देईन’ असली शेपटी जोडू देऊ नका. त्यात ना रक्कम, ना मुदत. एकदम जमत नसेल तर १०,००० चे ३५ हप्ते ठरवा, बँकेतूनच. मात्र पहिला हप्ता आला म्हणून सही राहू देऊ नका.

आठ दिवसांत सही नाही मिळाली, तर दोघे जण सोबत न्या. भावाला नको, तो तापलेला आहे. त्यांचा नातेवाईकही नको. भेटीत काय ठरलं ते चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

तरीही नाही, तर कमिटीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. या विषयापुरतं त्या बंधूंनी बैठकीबाहेर बसावं, हे अर्जातच लिहा. कमिटीच्या मिनिट बुकातला ठराव कोर्टात वसुलीला चालत नाही. त्यासाठी दोघांनी सही करून लवाद, म्हणजे निवाडा देणारा त्रयस्थ, नेमावा लागतो, १९९६ च्या लवाद कायद्याखाली. लवाद १ किंवा ३. २ चालत नाहीत. बिशपांनी सुचवलेले, पण दोघांपैकी कोणाशीही नात्याचा किंवा धंद्याचा संबंध नसलेले घ्या. दोन्ही बाजू ऐकून कारणांसह लेखी, सहीचा निवाडा झाला आणि तो मुदतीत कोणी आव्हानला नाही, तर कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची वसुली होते. मसुदा आधी वकिलाला दाखवा. स्टँपचं तोच सांगेल.

या सगळ्याला २ महिने द्या, जास्त नाही. तोवर सहीची कबुली हातात नसेल, लवादालाही ते तयार नसतील, तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि मुदतीत दावा लावा. नोटिशीनेही मुदत थांबत नाही, हे लक्षात असू द्या. एकट्याने, दोघांसमोर, मग मंडळीसमोर सांगूनही जो ऐकत नाही त्याला परका समजा, असं मत्तय १८च सांगतो. हक्काच्या निवाड्यासाठी पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती, प्रेषितांची कृत्ये २५. दावा लागल्यावरही तडजोड करता येते, लोकअदालतीतसुद्धा.

(हे सगळं पैशाच्या वादापुरतं. मारहाण किंवा लेकरावरचा अत्याचार असेल तर कमिटी नाही, थेट पोलीस.)

स्टेटमेंट आजच काढा, बँकेच्या शिक्क्याचं. ते पैसे गेले ती ओळ आणि तारीख त्यावर दिसते ना, तेवढं बघून घ्या. तुमची ३ वर्षं त्याच तारखेपासून मोजायची आहेत.