कागदावरचा घोडा पाणी पितो

प्रश्न : लांबच्या पल्ल्याला घोडे नेणाऱ्या ट्रकच्या तपासणीचा एक व्हिडिओ बघितला. ड्रायव्हरकडे सगळे कागद होते, दर आठ तासांनी पाणी दिल्याच्या नोंदी होत्या, तरी लोक त्याच्यावर तुटून पडलेले. नियम पाळलाय तर मग छळ कसला? आपण उगाच हळवे होतोय का?

उत्तर : हळवेपणा राहू दे बाजूला, आधी नियमच बघू. आठ तासांची ती अट युरोपियन युनियनच्या प्राणी वाहतुकीच्या नियमातली, नियम २००५ चा, लागू झाला जानेवारी २००७ पासून. त्यात घोड्यांना २४ तासांपर्यंत नेता येतं, दर आठ तासांनी पाणी आणि गरज पडली तर चारा द्यायचा, मग खाली उतरवून २४ तास विश्रांती, आणि परत पहिल्यापासून तेच, असं कितीही वेळा चालतं. अमेरिकेत तर कत्तलीला निघालेल्या घोड्यांना २८ तास दाणापाण्याशिवाय ट्रकमध्ये ठेवता येतं. म्हणजे मुळात नियमच काही फार मायाळू आहे असं नाही.

पण तुमच्या प्रश्नाची खरी मेख पुढे आहे. नोंदवहीत लिहिलेलं असतं ‘पाणी दिलं’. घोडा प्यायला का, असा रकानाच कुणी भरत नाही. घोडं हे पाण्याच्या बाबतीत भलतं नखरेल जनावर, वास वेगळा आला, बादली नवी दिसली, शेजारी अनोळखी घोडा कान मागे पाडून उभा असला की ते तोंड लावत नाही. चांगला धडधाकट घोडा एरवी दिवसाला २५-३० लिटर सहज पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. इथे वीस मिनिटांचा थांबा, इंजिन चालू, पाइप एका बाजूने फिरवला आणि निघाले. कळपातला दबलेला घोडा तर बादलीपर्यंत पोचतच नाही. कागदी घोडे नाचवणं म्हणतात ना, ते इथे अक्षरशः चालतं, कागदावरचा घोडा पोटभर पाणी पिऊन पुढे जातो आणि ट्रकमधल्या खऱ्या घोड्याच्या हिरड्या पाण्यावाचून चिकट झालेल्या असतात. पाणी कमी, त्यात वैरण कोरडी, की आतड्यात गोळा अडकून कॉलिक, म्हणजे जिवावर बेतू शकणारी पोटदुखी, होतो, आणि घोड्याला उलटी करून मोकळं होता येत नाही हे लक्षात घ्या.

बाकी उघड उल्लंघनं तर आहेतच. लांबच्या प्रवासात प्रत्येक घोड्याला स्वतंत्र कप्पा हवा, तिथे मधल्या फळ्याच नसतात. सगळ्यात उंच घोड्याच्या खांद्याच्या वर किमान ७५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी, तिथे टाळू छताला घासून सोललेली. माणसाळवलेलं नसलेलं घोडं आठ तासांपुढे न्यायचंच नाही, दिवस भरत आलेली घोडी चढवायचीच नाही, लंगडं तर नाहीच नाही. पण हे दाराशी उभं राहून दिसतं तरी, पाण्याचं दिसत नाही, म्हणून त्यावर एवढं लिहिलं.

प्रश्न : घोडा उभ्यानेच झोपतो म्हणतात, मग उभं राहण्याचा त्याला कसला त्रास?

उत्तर : उभ्याने डुलकी घेतो, खरंय, पायांचे सांधे लॉक होतात त्याचे. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं. आणि डुलकीलासुद्धा जमीन स्थिर पाहिजे हो. ट्रकमध्ये प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला चारी पाय फाकवून तोल सावरायचा, तासन्‌तास.

आणि त्याहून वाईट म्हणजे मोरकीची दोरी आखूड बांधणं. घोडे एकमेकांना चावू नयेत म्हणून मान वर ताणून बांधतात, त्यात क्रूरपणा कुणाच्या मनात नसतो. पण घोड्याची श्वासनलिका साफ होते ती मान खाली घातल्यावर. मान वर राहिली की धूळ, लिदीचा अमोनिया, नाकातले जंतू सगळं काही तासांतच छातीकडे उतरायला लागतं. त्यातून ताप, फुफ्फुसाला सूज, कधी छातीत पाणी. याला शिपिंग फीवर म्हणतात. मी स्वतः एकदा अशा ट्रकमधून उतरलेली घोडी बघितली, फळीवरून उतरली, बादलीत नुसतं नाक बुडवून फुरफुरली, प्यायली नाही, आणि दोरी सोडल्यावर मान थेट जमिनीपर्यंत गेली ती वर येईना. दहा मिनिटं नाकातून घट्ट पिवळा शेंबूड गळत होता. तिचे कागद एकदम चोख होते.

प्रश्न : मग विमानाने नेलं तर?

उत्तर : तास कमी होतात, पण मोजायचे कुठून? घोड्याचा प्रवास तबेल्यातून निघाल्यावर सुरू होतो, विमान उडाल्यावर नाही. कॅनडातून जपानला खाण्यासाठी जिवंत घोडे असेच जातात, एका लाकडी खोक्यात तीन-चार. ते थांबवायचं विधेयक तिथल्या लोकसभेत, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, २०२४ मध्ये पास झालं आणि सेनेटमध्ये अडकलं ते अडकलंच, जानेवारी २०२५ मध्ये अधिवेशन गुंडाळल्यावर बुडालं. ब्रिटनने मात्र २०२४ मध्ये कत्तलीसाठी जिवंत घोडे बाहेर पाठवणं कायद्याने बंद केलं. अ‍ॅडा कोल नावाच्या बाईंनी १९११ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराच्या धक्क्यावर थकलेले ब्रिटिश घोडे उतरताना बघून या विषयाचा पिच्छा धरला होता, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं लागली.

प्रश्न : रस्त्यात असा ट्रक दिसला तर काय करावं?

उत्तर : दार उघडू नका, एवढं आधी. घाबरलेला घोडा रस्त्यावर आला तर तो आणि तुम्ही दोघंही जाल. गाडीचा नंबर, जागा, वेळ लिहा, फोटो काढा आणि पोलिसांना कळवा, सरकारी पशुवैद्यकाचा नंबर असेल तर त्यालाही. आणि बोलताना मोघम नको. ‘घोड्यांवर अत्याचार चाललाय’ म्हटलं की पलीकडचा माणूस हो हो करून ठेवून देतो. ‘ट्रक दीड तास उन्हात बंद उभा आहे, आत एक घोडा आडवा पडलाय आणि बाकीचे त्याच्यावर पाय देतायत’ म्हटलं की बहुतेक वेळा कुणीतरी गाडी काढतं.