मासा पाण्याबाहेर येण्याआधी

प्रश्न : मी दर रविवारी सकाळी आचऱ्याच्या खाडीत गरवायला जातो. गेल्या महिन्यात दीड किलोची तांबोशी गावली. वर आली तेव्हा घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखी दिसत होती. मोबाइलवर आठ-दहा फोटो काढले. सगळ्यांत अंगावर पांढराफटक पट्टा आणि बाकीचा मासा काळपट. घरी ओट्यावर ठेवून परत काढले, तर ती बाजारातली शिळी मासळी वाटली. नवा, महागातला मोबाइल घ्यावा का?
— एक वाचक, आचरा

उत्तर : मोबाइल आहे तोच राहू द्या. तुमच्या हातून निसटली ती पहिली दोन मिनिटं.

माशाच्या कातडीतल्या रंगपेशी जिवंतपणी मज्जातंतूंच्या हुकमात असतात. मासा घाबरला, दमला की रंग बदलायला लागतो, आणि मेल्यावर तर तो परत येत नाही. मी मालवणात 31 वर्षं फोटो स्टुडिओ चालवला आणि त्याहून जास्त वर्षं गरवतोय, तरी हे मला एक मासा गमावूनच कळलं. 1994 साली कालावलच्या खाडीत पावणेतीन किलोची तांबोशी मिळाली. स्टुडिओत चांगले दिवे आहेत, तिथेच नीट फोटो काढू म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आलो. पाऊण तासाने गोणपाट उघडलं तर मासा मातकट झालेला. रोलवरचे सगळे फोटो खर्ची घातले, पण खाडीवर पाहिलेला तो रंग एकाही फोटोत नाही. त्याची हळहळ आजही वाटते.

तेव्हापासून मी गरी टाकण्याआधी फोटोची तयारी करतो. मासा कुठे ठेवायचा ती जागा बघून ठेवायची, तिथे पाणी मारायचं, उजेड कुठून येतोय ते पाहायचं, आणि तिथे आपलाच हात धरून एक फोटो काढून बघायचा. हाताचा फोटो चांगला आला तर माशाचाही येईल. एक धुतलेला सुती रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात असू द्या. खाडीवर मोबाइलची काच खाऱ्या तुषारांनी आणि बोटांच्या बुळबुळीने माखते, आणि फोटो धुरकट येतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच. मी तर प्रत्येक फोटोआधी काच पुसतो.

आता तो पांढरा पट्टा. मासा म्हणजे ओला आरसा. खवल्यांखालच्या कातडीत ग्वानीन नावाच्या द्रव्याचे अगदी पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात, चांदी येते ती त्यांच्यामुळे. वर पाण्याचा थर. अशा आरशावर नऊ-दहा वाजताचं ऊन पडलं की त्यात सूर्यच दिसणार, आणि मोबाइल त्या झगझगाटाला बिचकून बाकीचा फोटो काळा करणार. म्हणून मासा सावलीत घ्या, पण समोर मोकळं आभाळ असलेल्या सावलीत. होडीच्या कडेची सावली चालते, काळी छत्री तर फारच उत्तम. माडाच्या दाट सावलीत मात्र सगळ्यावर हिरवट छटा येते. पावसाळी ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, सगळं आभाळच दिवा होतं. फ्लॅश लावू नका.

तुमच्याकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच मोबाइलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा, आणि फोटो थोडा तिरक्या कोनातून घ्या. एका जागी पाण्याची चकाकी अचानक विरते आणि खालचं खवलं न् खवलं उघडं पडतं. तारलीसारख्या माशाची स्वतःची चांदी मात्र तशीच राहते, आणि राहायलाच हवी.

पार्श्वभूमीकडे माणसं बघतच नाहीत. तुमच्याकडे जांभ्याचे बांध आहेत. तांबोशी जांभ्यावर ठेवली की लाल लालात हरवते. काळा ओला कातळ घ्या, नाहीतर ओलं गोणपाट. वाळूत मुळीच नको, बुळबुळीला वाळू चिकटली की निघत नाही. रक्त लागलं असेल तर खाडीचंच पाणी ओता, चोळू नका.

मग मोबाइल माशाच्या उंचीवर आणा, म्हणजे गुडघे टेका. एक पाऊल मागे सरका आणि दुप्पट झूम लावा, कारण अगदी जवळून साध्या लेन्सने काढलं की डोकं फुगतं आणि शेपूट बारीक होते. पडद्यावर माशाच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस तिथेच पक्का होतो. मग तिथेच उमटणारी सूर्याची, म्हणजे उजेडाची खूण थोडी खाली ओढा. डोळा स्पष्ट आला तर शेपटी जराशी अस्पष्ट असली तरी चालते, उलटं चालत नाही. पाठीवरचा काटेरी पर बोटाने उभा करा. तांबोशीच्या जबड्यात मात्र अंगठा घालू नका, तिचे सुळे चांगले लांब असतात. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी कापते आणि शेंगाळ्याच्या काट्याबद्दल आचऱ्याच्या माणसाला मी काय सांगणार!

एक गोष्ट जवळून बघा. तांबोशी लहान असताना कांदळांच्या मुळांत राहते आणि त्या वयात तिच्या अंगावर फिकट उभे पट्टे असतात, डोळ्याखाली गालावर एक बारीक निळी रेघ असते. वाढून बाहेर खडपात गेली की हे पुसट होतं. लहान तांबोशी गावली तर सोडण्याआधी त्या निळ्या रेघेचा फोटो जरूर घ्या. मी घेतला तेव्हा ती रेघ सलग नव्हती, निळ्या शाईचे ठिपके ओळीने टेकवल्यासारखी होती.

आणि मासा मोठा दिसावा म्हणून हात लांब करून तो कॅमेऱ्यासमोर धरायची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. त्यात माणसाची बोटंच आधी दिसतात. शेजारी गरीच्या दोरीचं रीळ ठेवा, बघणाऱ्याला माप कळतं.

प्रश्न : आम्ही नदीत महाशीर पकडून लगेच सोडतो. फोटोही हवा आणि मासाही जगला पाहिजे. कसं जमवावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मासा जाळ्यात, पाण्यातच राहू द्या. कॅमेरावाला तयार म्हणेपर्यंत उचलू नका. हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने माशाची बुळबुळ निघते आणि तीच त्याची रोगांपासून राखण करते. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. जबड्याने लटकवायचा नाही, कल्ल्यात बोट नाही. उचलताना आपण श्वास रोखायचा आणि आपल्याला सोडावासा वाटला की मासा पाण्यात गेला पाहिजे. पाण्याच्या वरच धरा, सुटला तर पाण्यातच पडेल. खरं तर मला अर्धा मासा पाण्यात असलेलाच फोटो आवडतो. मोबाइल पाण्याला टेकेल इतका खाली घ्या, महाशीरच्या मोठाल्या खवल्यांवर ओघळणारं पाणी दिसतं. पकडायचाच नसेल तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महाशीर देवीचे मानतात, कोणी पकडत नाही. वरून तोच गॉगल लावून फोटो घ्या.

प्रश्न : पुस्तकांत माशाचं तोंड नेहमी डावीकडे का असतं?
— मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : अभ्यासकांनी ठरवून घेतलेली रीत आहे. सगळ्यांनी माशाची डावीच बाजू दाखवली की दोन मासे शेजारी ठेवून ताडता येतात. चपट्या माशांत मात्र डोळे असतात ती बाजू घ्यायची. तुमच्या लेपीचे दोन्ही डोळे डाव्याच अंगाला असतात, तेव्हा तिथे अडचण नाही. खाली पट्टी ठेवा, पर पसरून घ्या, आणि ओळखीसाठी पाठवायचा असेल तर तोंड मिटलेला आणि तोंड उघडलेला असे दोन फोटो काढा.