उपयोजित नीतिशास्त्राच्या पहिल्या निबंधाविषयी

सोलापूर

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. विडी उद्योगावर बंदी घालावी की नाही, या प्रश्नावर तू आधी उपयुक्ततावाद (ज्यातून सर्वांचे अधिक भले होईल ते योग्य), मग कांटचा कर्तव्यवाद (परिणाम काहीही असो, कर्तव्य पाळावे) आणि शेवटी सद्गुणांचे नीतिशास्त्र (सज्जन माणूस काय करील ते पाहावे) असे ओळीने मांडलेस, प्रत्येकातून एकेक उत्तर काढलेस आणि तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळेनात म्हणून 'हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे' असे लिहून थांबलीस. सोबतच्या चिठ्ठीत विचारले आहेस की, यांपैकी खरा सिद्धांत कोणता धरायचा. माझे उत्तर तुला कदाचित रुचणार नाही. पहिले वर्षभर कोणताच धरू नकोस; ते तिन्ही नीट शीक, पण प्रकरण समजून घेण्याआधी त्यांना हाक मारू नकोस.

तुझ्या सात पानांत तुझे स्वतःचे असे एकच वाक्य मला सापडले: 'माझ्या अव्वाचे (आजीचे) पोट विडीवर चालते, म्हणून बंदी अन्यायाची ठरेल.' निबंधाची सुरुवात येथून व्हायला हवी होती. या वाक्यात एक कारण दडलेले आहे, ते असे की एखाद्या धंद्यावर गरिबाची उपजीविका अवलंबून असेल, तर तो धंदा बंद करणे अन्यायाचे असते. आता हे कारण बरोबर घे आणि दुसऱ्या प्रकरणाच्या दारात जाऊन उभी राहा. आपल्याच जिल्ह्यातील तांड्यांवर हातभट्टीच्या दारूवर कित्येक कुटुंबांची चूल पेटत आली आहे. तेथेही तू तेच म्हणशील का?

म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू सांगशील की हातभट्टी बेकायदेशीर आहे आणि विडी कायदेशीर. पण कायदा काय आहे हे सांगून कायदा काय असावा याचे उत्तर मिळत नाही, आणि तुझा निबंध तर कायदा काय असावा याविषयीच आहे. मग तू म्हणशील, विषारी दारूने माणूस एका रात्रीत मरतो. हे कारण अधिक चांगले आहे. पण तेही पुढे नेऊन पाहा, कारण तंबाखूने मरणारा माणूस सावकाश मरतो एवढ्यावरून त्याच्या मरणाचे वजन कमी कसे होते, हे तुला दाखवावे लागेल. शिवाय विडी ओढणारा बहुधा हमाल, मजूर, रिक्षावाला असतो. म्हणजे एका गरिबाच्या उपजीविकेपुढे दुसऱ्या गरिबाची फुप्फुसे उभी आहेत, आणि हा दुसरा गरीब तुझ्या निबंधात एकदाही आलेला नाही. माझ्या दृष्टीने हीच तुझ्या लेखनातील सर्वांत मोठी उणीव आहे.

हातभट्टीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले, तेव्हा केवळ छापे घालून भट्ट्या फोडण्याऐवजी त्या कुटुंबांना दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. त्या उपक्रमाच्या यशापयशाबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही. मला त्यात एक तात्त्विक गोष्ट दिसते. 'बंदी की परवानगी' असा प्रश्न मांडला की बदलाचा भार कोणी उचलायचा हा प्रश्न आपोआप झाकला जातो. आणि अव्वावर अन्याय होईल असे तुला वाटते, तो अन्याय बंदीतून येतो की सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकण्यातून येतो, हे तू वेगळे करून पाहिलेले नाहीस. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारा धोक्याचा इशारा हे दोन्ही ओढणाऱ्याला उद्देशून आहेत. सुपात तंबाखू घेऊन दिवसभर ती चुरगळणाऱ्या बाईच्या श्वासात जाणारी धूळ त्या इशाऱ्यात येत नाही.

'हे काम तिने स्वखुशीने निवडले आहे' असेही तू एका ठिकाणी लिहून गेलीस. हे वाक्य मी शाईने खोडले असते, पण ते तुझ्यासाठी ठेवले आहे. लग्न होऊन आल्यापासून ज्या घरात सासू, जाऊ आणि शेजारीण पाने कापत बसलेल्या आहेत, जेथे मुले सांभाळून करता येण्याजोगे दुसरे काम दाराशी येत नाही, तेथे 'निवड' या शब्दाचा अर्थ काय, हे अव्वालाच विचार. हजार विड्यांना किती मिळतात, त्यांतल्या किती निवडून बाजूला टाकतात, तिच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी जमा होतो का, आणि नातीने हे काम करावे असे तिला वाटते का, हेही विचार. या उत्तरांतून 'काय असावे' हे आपोआप निघणार नाही, वस्तुस्थितीपासून कर्तव्यापर्यंतची उडी तुलाच मारावी लागेल. मात्र कुठून उडी मारतो आहोत ते तरी नीट दिसेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून अव्वाच्या वतीने बोलणे सोपे असते. मीही पुष्कळ वर्षे तसेच बोललो.

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या भागात तू दयामरणावर लिहिणार आहेस, म्हणून थोडे त्याविषयी. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात येथल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हा भावंडांना विचारले की कृत्रिम श्वासाचे यंत्र लावायचे का. थोरला भाऊ म्हणाला, 'लावू नका, कारण एकदा लावले की काढायला सांगणे आपल्याकडून होणार नाही.' त्या क्षणी हे शहाणपणाचे वाटले. न लावणे म्हणजे काही न करणे आणि काढणे म्हणजे मारणे, असा भेद आमच्या मनात घट्ट बसलेला होता. नंतर वर्गात हाच भेद शिकवताना लक्षात आले की या भीतीपायी ज्या रुग्णाला आठवडाभराच्या उपचाराने कदाचित बरे वाटले असते, त्याच्यावरही तो उपचार सुरू करायला माणसे कचरतील. कारण पुढे नेल्यावर ते असे उलटते. आमचा निर्णय चुकला होता असे मी म्हणत नाही. आमचे कारण चुकले होते.

अरुणा शानबाग यांचे प्रकरण वाचताना हीच सवय ठेव. केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर मे 2015 पर्यंत त्या तेथेच पडून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निष्क्रिय दयामरणाचा, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचा, मार्ग काही अटींवर मोकळा केला, पण त्यांच्या बाबतीत परवानगी नाकारली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या व्यक्तीपेक्षा इतकी वर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने मानले. 2018 च्या निकालाने स्वतःच्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली; पूर्वी दंडाधिकाऱ्याची सही लागे, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. विद्यार्थी सहसा 'मरू द्यावे का' एवढ्यावरच वाद घालतात. 'कोणी ठरवावे' हा प्रश्न निराळा असून माझ्या मते अधिक कठीण आहे, आणि तो तुला विडीच्या प्रकरणातही भेटलेला आहे.

दूरच्या माणसांविषयीची कर्तव्ये हा विषय आला की सगळी पाठ्यपुस्तके तळ्यात बुडणाऱ्या मुलाच्या उदाहरणाने सुरू होतात: समोर बुडणाऱ्या मुलाला वाचवणे कर्तव्य असेल, तर दूर मरणाऱ्याला वाचवणे का नाही? ते उदाहरण चांगले आहेच. पण आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. त्यांनी केले ते कर्तव्य होते की कर्तव्यापलीकडचे, आणि कर्तव्य असेल तर त्या वर्षी सोलापुरात राहिलेले बाकीचे डॉक्टर चुकले का, एवढा प्रश्न वहीत लिहून ठेव. दोन्ही बाजूंनी उत्तर देताना अडखळायला होते.

राहिला पाण्याचा विषय, ज्यावर तू दुसरा निबंध लिहायचे ठरवले आहेस. उजनी धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, जिल्हा अवर्षणप्रवण आहे, येथे तीसहून अधिक साखर कारखाने आहेत आणि शहरात नळाला रोज पाणी येत नाही. एवढे मांडले की बागायतदाराला दोष देणारा निबंध एका बैठकीत लिहून होतो. त्याआधी विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात 1970 च्या दशकात सुरू केलेल्या पाणी पंचायतीचे नियम वाच. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिला गेला, भूमिहीनालाही पाण्यावर हक्क मिळाला, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही असे ठरले. न्याय्य वाटपाविषयी तू परदेशी विचारवंतांचे जे वाचशील, त्यातले कितीतरी प्रश्न या नियमांत आधीच विचारलेले तुला आढळतील.

आणि लिहिताना माझी भीड बाळगू नकोस. मोहोळ तालुक्यात आमचा पाच एकर ऊस आहे. तो धाकटा भाऊ पाहतो आणि वाट्याचे पैसे मी घेतो. पाणी पंचायतीचे कारण पुढे नेले, तर ते थेट माझ्या बांधावर येऊन थांबते. गेल्या दिवाळीत मी भावाला म्हटले की निम्म्या रानात ज्वारी करून पाहू. तो म्हणाला, 'दादा, उसाचा दर सरकार ठरवतं आणि कारखाना तोडून नेतो. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, आणि मोंढ्यात काय भाव मिळेल ते त्या दिवशीच कळतं. तोटा झाला तर तुम्ही भराल का?' मी गप्प बसलो. त्याचे कारण खोटे नाही, पण ते बरोबर घेऊन मी नळाची वाट पाहणाऱ्या तुमच्या वस्तीत आलो, तर तुमच्या दारात उभे राहून मला काय म्हणता येईल, हे मला अजून सुचलेले नाही. तुझ्या निबंधात त्याला तू काय उत्तर देतेस, ते मला वाचायचे आहे. विडीवरचा निबंध मात्र आधी पुन्हा लिहून आण, आणि शक्य झाले तर येताना अव्वालाही बरोबर घेऊन ये.

तुझे सर