मंदीत पर्यायी गुंतवणूक: पगार जिथून येतो तिथेच बचत नको

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कळंगुटच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला नोकरी, वय 34, पत्नी शिक्षिका, घरखर्च महिना 38,000, बँकेत 14 लाख, आणि 14 टक्के व्याजाचे 1.8 लाखांचे वैयक्तिक कर्ज. यंदा हंगाम ढिला गेला, सर्व्हिस चार्ज निम्म्यावर आला, शेअर बाजारही खाली. अशा वेळी सोने, रीट (मोठ्या इमारतींचे भाडे गुंतवणूकदारांत वाटणारा ट्रस्ट), इनव्हॉइस डिस्काउंटिंग (व्यापाऱ्याच्या येणे असलेल्या बिलावर पैसे देणे), आसगावच्या व्हिलातला हिस्सा आणि मेहुण्याच्या कांदोळीतल्या गेस्ट हाउसची भागीदारी यांपैकी कशात पैसे घातले तर मंदीतही संपत्ती उभी राहील, असे तुम्ही विचारले आहे.

आधी माझे सांगतो, कारण माझे उत्तर त्यातूनच आले आहे. मी गोव्यातल्या डिचोलीचा. लोहखनिजाच्या खाणीच्या वजनकाट्यावर 19 वर्षे नोकरी केली. 2009 मध्ये कर्ज काढून एक ट्रक घेतला, तो चांगला चालला म्हणून 2011 मध्ये दुसरा. उरलेल्या पैशांत उसगावच्या रस्त्याला एक गाळा घेतला आणि तो ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानाला भाड्याने दिला. पगार, ट्रकची फेरी आणि गाळ्याचे भाडे अशी तीन ठिकाणची मिळकत आहे, असे मी अभिमानाने सांगत असे. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि दिवाळीपर्यंत तिन्ही ठिकाणचे पैसे आटले. पगार अर्धा झाला, ट्रक दारात उभे, दुकानदाराने गाळ्याची चावी आणून दिली. मूळ एकच होते, ते मला तोवर दिसले नव्हते.

2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, तेव्हा मी पुन्हा आशेला लागलो. 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने 88 खाणींच्या लिजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून सगळे परत थांबले. त्या वेळी पहिला ट्रक विकायला काढला, पण साखळीपासून उसगावपर्यंत प्रत्येकाच्या दारात एक ट्रक विकायला होता. घेणार कोण? 14 लाखांची गाडी 2.75 लाखांना गेली. तीही बेळगावच्या माणसाने नेली, कारण इथे कोणाकडेच काम नव्हते.

म्हणून ‘पर्यायी गुंतवणूक’ या शब्दाचा माझा अर्थ थोडा वेगळा आहे. शेअर आणि मुदत ठेवी सोडून जे काही उरते त्याला बाजारात पर्यायी म्हणतात. मी विचारतो, कशाला पर्यायी? ज्या कारणाने माझा पगार थांबेल त्याच कारणाने ही गुंतवणूकही थांबणार असेल, तर ती माझ्यासाठी पर्यायी नाही, मग तिचे नाव काहीही असो. तुमचा पगार पर्यटनाचा आहे. तुम्ही दिलेल्या यादीतल्या पाचांपैकी दोन गोष्टी, व्हिला आणि गेस्ट हाउस, त्याच पर्यटकाच्या खिशावर उभ्या आहेत. मार्च 2020 मध्ये चार्टर विमाने थांबली तेव्हा तुमचे हॉटेल आणि तुमच्या मेहुण्याच्या खोल्या एकाच आठवड्यात रिकाम्या झाल्या असतील.

आम्हाला त्या वर्षांत कशाने तारले? आईकडून आलेल्या सावई-वेरेच्या कुळागराने आणि बायकोच्या सोन्याने. कुळागर म्हणजे फार काही नाही: पोफळी, थोडे माड, मिरीचे वेल, केळी. पण सुपारीला चीनमधल्या खनिजाच्या भावाशी देणेघेणे नव्हते. ती गोवा बागायतदार या सहकारी संस्थेत घातली की पैसे मिळत. त्यात श्रीमंती नाही, हेही सांगतो. पोफळ लावल्यावर पाच-सात वर्षे वाट पाहावी लागते, पावसात कोळेरोग आला की घड गळतात, आणि पाडेली, म्हणजे झाडावर चढून घड उतरवणारा, वेळेवर मिळणे ही वेगळीच तपश्चर्या. तुमच्या घरी वडिलोपार्जित कुळागर किंवा काजूची बागायत पडीक असेल, तर तिच्यावर खर्च करणे ही माझ्या मते तुमच्या यादीतल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा चांगली गुंतवणूक आहे. काजूची कलमे तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागतात. नव्याने जमीन विकत घेऊन मात्र हा उद्योग करू नका.

सोन्याबद्दल लोक अर्धेच सांगतात. 2012 च्या शेवटी, खाणी बंद पडल्यावर घाबरून ज्यांनी 31,000 च्या आसपास दहा ग्रॅम घेतले, त्यांनी 2015 मध्ये 26,000 च्या खालचा भाव पाहिला. तीन वर्षे नुकसान. तरीही सोन्याने आमचे काम केले, ते भाव वाढल्यामुळे नाही. 2013 च्या जूनमध्ये मुलाची कॉलेजची फी भरायची होती. पाटल्या तारण ठेवायला सहकारी सोसायटीत गेलो आणि तासाभरात पैसे हातात आले. पुढे ट्रक विकायला मला सात महिने लागले. अडचणीच्या दिवशी किती लवकर रोख होते, हा गुण कोणत्याही माहितीपत्रकात टक्क्यांत लिहिलेला नसतो. तुमच्या पत्नीकडे दागिने असतीलच, ते सोने घरात आहेच असे धरा. वर आणखी घ्यायचे तर घडणावळ देऊन दागिना घेऊ नका, गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात मिळणारे सोन्याचे युनिट, घ्या. सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारचे सार्वभौम सुवर्ण रोखे चांगले होते, वर 2.5 टक्के व्याजही मिळे, पण सरकारने फेब्रुवारी 2024 नंतर नवे काढलेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, मात्र उलाढाल थोडी असते आणि भाव कधी कधी सोन्यापेक्षा महाग लावलेला असतो.

आता आसगावचा व्हिला. इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण या वर्षभरात हाच प्रश्न मला चौथ्यांदा आला आहे. 12 लाखांचा हिस्सा, दरवर्षी 12 टक्के ‘हमीचे’ भाडे. हमी कोण देतो? बिल्डर. तो ती कशातून देणार? पर्यटकाकडून. पर्यटक आला नाही तर? पहिली दोन वर्षे तो तुमचेच पैसे तुम्हाला भाडे म्हणून परत करू शकतो, आणि तोवर तुम्ही आणखी दोघांना सांगितलेले असते. माझ्या वडिलांनी नव्वदीच्या दशकात सागवानाच्या एका योजनेत असेच पैसे घातले होते. एक झाड, वीस वर्षांनी लाखभर रुपये, वर रंगीत प्रमाणपत्र. देशभर अशा कितीतरी योजना बुडाल्यावर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, 1999 मध्ये सामूहिक गुंतवणुकीचे नियम केले. वडिलांचे प्रमाणपत्र अजून आमच्या कपाटात आहे. त्यांनी त्या पैशांसाठी दोन वर्षे सणाला नवा सदरा घेतला नव्हता, हे मला विसरता येत नाही.

हिस्सा घ्यायचाच असेल तर नियमातला मार्ग आहे. सेबीने मार्च 2024 मध्ये लहान रीटचे नियम आणले. त्यात किमान 10 लाख लागतात आणि मालमत्ता जवळपास पूर्ण बांधून झालेली, भाडे देणारी असावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र आलेला, अजून जोत्यापर्यंतच आलेला व्हिला त्यात बसत नाही. आणि गोव्याच्या जमिनीचे कागद हे बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटतात तेवढे साधे नसतात, हे तुम्हाला म्हापशात राहून माहीत असेलच. जमिनीच्या नोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाच्या (जमीन कसणाऱ्याच्या) रकान्यात कोणाचे नाव आहे का, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत हक्काने राहणाऱ्याचे) घर आत आहे का, जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक संस्थेची) आहे का, ते बघा. सनद (बिगरशेती वापराची परवानगी) झाली आहे का आणि झोन कोणता ते बघा. बागायतीचा झोन शहर नियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली बदलून घेतलेला असेल तर चार पावले मागे या, ती प्रकरणे उच्च न्यायालयात गेलेली आहेत. आपल्याकडे लग्नाबरोबर मालमत्ता नवरा-बायको दोघांची होते, म्हणून विक्रेत्याच्या जोडीदाराची सही लागते. मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेली हवी, आणि वारसांपैकी एखादा पोर्तुगालला किंवा लंडनला असतोच. हे सगळे नीट असले तरी शेवटचा प्रश्न उरतो: तुमचा बारावा हिस्सा उद्या विकायचा झाला तर तो कोण घेईल? उरलेले अकराजण त्याच वेळी विकत असतील.

रीट आणि इन्व्हिट (रस्ते, वीजवाहिन्या यांचे उत्पन्न वाटणारा तसाच ट्रस्ट) मला तुमच्यासाठी बरे वाटतात, आणि त्याचे कारण तेच: त्यांचे भाडे गोव्याच्या हंगामावर चालत नाही. बंगळुरू, मुंबई, हैदराबादच्या कार्यालयांचे भाडे, विजेच्या वाहिन्या, टोलचे रस्ते. एम्बसी ऑफिस पार्क्स हा पहिला रीट एप्रिल 2019 मध्ये बाजारात आला. आता एकेक युनिट शेअरसारखे घेता येते, आणि वाटण्याजोग्या रोकडीपैकी 90 टक्के रक्कम वाटणे बंधनकारक आहे. पण ही मुदत ठेव नव्हे. आयआरबी इन्व्हिट 2017 मध्ये 102 रुपयांना आला होता आणि पुढे निम्म्याहून खाली गेला. टोलच्या रस्त्याचा करार संपत जातो, म्हणजे हातात येणाऱ्या रकमेत थोडे तुमचे मुद्दलच असते. वाटपाचा तक्ता उघडून त्यात व्याज किती, लाभांश किती, मुद्दलाची परतफेड किती ते बघा. करही त्याप्रमाणे वेगवेगळा लागतो.

इनव्हॉइस डिस्काउंटिंग आणि पी-टू-पी (ॲपवरून अनोळखी लोकांना थेट कर्ज देणे) यांवर मी थोडक्यात सांगतो: नको. मंदीत सर्वात आधी लहान व्यापाऱ्याचे बिल थकते, आणि त्याच बिलावर तुम्ही पैसे दिलेले असतात. पी-टू-पीमध्ये ‘केव्हाही पैसे काढा’ म्हणून जे विकले जात होते, ते ऑगस्ट 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने थांबवले. पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजे एआयएफ, यांना किमान 1 कोटी लागतात, त्यामुळे तो विषय आपल्यासाठी नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते ते आकड्यांत सांगतो. या आठवड्यात 1.8 लाखांचे कर्ज फेडले असते. 14 टक्के खात्रीने वाचवणारी दुसरी कोणतीही जागा मला माहीत नाही. फक्त मुदतपूर्व फेडीचे शुल्क बँकेला विचारून घ्या. मग बारा महिन्यांचा घरखर्च, साधारण 4.6 लाख, दोन बँकांत वाटून ठेवला असता. सहा महिन्यांचा पुरतो असे सगळे सांगतात, पण तुमच्या धंद्यात एक हंगाम गेला की पुढच्या ऑक्टोबरपर्यंत वाट बघावी लागते. दोन बँका अशासाठी की एक बंद पडली तरी दुसरीतले पैसे हाताशी राहतात; शिवाय ठेव विमा एका बँकेत 5 लाखांपर्यंतच असतो. म्हापसा अर्बनचा परवाना 2020 मध्ये आणि मडगाव अर्बनचा 2021 मध्ये रद्द झाला, तेव्हा लोकांना या विम्याचे महत्त्व कळले.

उरतात 7.6 लाख. त्यातले 1.5 लाख सोन्यात, 2 लाख दोन रीट आणि एका इन्व्हिटमध्ये, तेही चार हप्त्यांत. 2.5 लाख साध्या निर्देशांक फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात) वर्षभर दरमहा. हे पर्यायी नाही, हे मान्य, पण पडलेल्या बाजाराचा फायदा घ्यायची ही सर्वात स्वस्त रीत आहे. जानेवारी 2020 मध्ये 12,000 च्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये 8,000 च्या खाली होता आणि नोव्हेंबरमध्ये परत 12,000 वर. त्या मार्चमध्ये घ्यायची अक्कल पुष्कळांना होती, हातात रोकड फार थोड्यांच्या होती. म्हणून राहिलेले 1.6 लाख मोकळे ठेवा आणि पत्नीच्या सहीशिवाय हलणार नाहीत अशा संयुक्त खात्यात ठेवा. यंदाच्या गणेशचतुर्थीपर्यंत त्यांना हात लावू नका.

मेहुण्याचे नाजूक आहे, मला कळते. चवथीला एकाच घरात बसून जेवायचे असते. मी माझ्या चुलतभावाला भागीदारीला नाही म्हटले होते आणि 40,000 हातउसने दिले होते, परत येतील या हिशेबात न धरता. तुमच्या मेहुण्याला खरोखर भागीदार हवा असेल, तर मागच्या तीन वर्षांची खोल्यांची वही, लायसन्स आणि विजेची बिले मागा. जून ते सप्टेंबर विजेचे बिल किती येते तेवढे बघितले तरी पावसाळ्यात खोल्या भरतात की नाही ते समजेल. ते आकडे आणि व्हिलाच्या कराराचा मसुदा नावे झाकून इथे टाकलात तर मी रविवारी बसून वाचतो.