एवढासा कोंबडा, पण सरळ अंगावर येतो

या वेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली चार घरच्या बँटम, म्हणजे बुटक्या जातीच्या, कोंबड्यांची होती, म्हणून हा भाग त्यांच्यासाठीच ठेवलाय.

प्रश्न : ताई, आम्ही डिचोलीला राहतो. अंगण मोठं आहे, मागे माड आणि दोन फणस. गेल्या वर्षी मुलीने हट्ट केला म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बँटमची तीन पिल्लं आणली, दोन मेली, एक जगलं. ते घरातच वाढलं, आधी खोक्यात बल्बखाली, मग मुलीच्या मांडीवर, टीव्ही बघताना तर खांद्यावरच. चालण्याचा रुबाब बघून मुलीने नाव ठेवलं भाटकार, म्हणजे जमीनदार. आता तो आठ महिन्यांचा आहे आणि गेले दोन महिने सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या की मागून येऊन पोटरीवर झेप घेतो, पोदेर (पाववाला) सायकल घेऊन फाटकाशी आला की त्याच्यावर धावतो, परवा तर मुलीच्या पायातून रक्त काढलं. एवढ्या मायेने वाढवलेला, मग असा का वागतो? हे म्हणतात राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, बळी देऊन टाकूया. मुलगी रडतेय. काय करू?
एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी मुलीच्या पायाचं बघा. कोंबड्याच्या पायाच्या काट्याची जखम वरून टिकलीएवढी दिसते पण आत खोल जाते, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते डॉक्टरांना दाखवून विचारा. आणि त्याचं वागणं सुधारेपर्यंत लहान मुलांना त्याच्यासमोर उकिडवं बसू देऊ नका, कारण तेव्हा डोळे बरोब्बर त्याच्या उडीच्या उंचीला येतात.

आता भाटकाराचं. तुमचं पत्र वाचून मला माझा पहिला कोंबडा आठवला, कारण त्याला मी अगदी असाच वाढवला होता, एकटा, घरात, हातावर. माया कमी पडली म्हणून तो असा झाला असं अजिबात नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिल्या एक-दोन दिवसांत जे कोण जवळ हलताना दिसतं त्यालाच ते आपलं मानतं. एरवी ती खुडूक कोंबडी असते, भाटकाराच्या वाट्याला तुम्ही आलात, म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही सगळी मंडळी त्याचा कळप. आणि कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं. थॉर्लेफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकाने हे कोंबड्यांवरच बघून १९२१ साली मांडलं, लहानपणापासून तो कोंबड्यांचं निरीक्षण करायचा. तर चार-पाच महिन्यांचा तलंगा (तरणा कोंबडा) झाला, अंगात नराचं हार्मोन चढलं, की तो आपली जागा मिळवायला भांडणारच, आणि ते कळपातल्यांशीच भांडणार, म्हणजे तुमच्याशी. कोंबडीखाली वाढलेला कोंबडा माणसाला थोडा बिचकून असतो म्हणून चार हात लांब राहतो, भाटकाराला ती बिचकच कधी लागली नाही.

त्यात बँटम. हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आलंय, तिथून दर्यावर्दी लोक या बुटक्या कोंबड्या जहाजावर घेऊन जायचे. काही बँटम जाती झुंजीच्या कोंबड्यांचंच छोटं रूप आहेत, तिथे तो तापटपणा रक्तातच येतो. वजन किलोच्या आतबाहेर, पण अंग हलकं म्हणून उडी उंच जाते.

झेप घेण्याआधी तो सांगतो, हे मात्र नीट बघायला शिका. आधी बाजूबाजूने चालत येतो, एक पंख खाली सोडून जमिनीवर घासतो, खर्र खर्र आवाज येतो, मानेची पिसं छत्रीसारखी फुलवतो आणि मध्येच उगाच जमिनीवर टोच मारल्यासारखं करतो पण दाणा उचलतच नाही, एक डोळा तुमच्यावर असतो. कोंबडीपुढे हाच नाच प्रेमाचा असतो, तुमच्यापुढे केला तर ते आव्हान. अशा वेळी आपण दोन चुका करतो. एक म्हणजे पाठ फिरवून पळतो, त्याला वाटतं जिंकलो. दुसरी म्हणजे खराटा उचलतो. मी खराटाच उचलला होता. माडाच्या हिरांचा खराटा घेऊन मी त्याला अंगणभर फिरवायचे आणि पंधरा दिवसांत असं झालं की खराटा नुसता भिंतीला टेकवलेला दिसला तरी तो पिसं फुलवून उभा, मग अंगण झाडायला कोणीही आलं तरी त्याच्या पायावर झेप. मी त्याला मारून एवढंच शिकवलं होतं की माणूस म्हणजे भांडण, आणि माझ्या पोटरीत काटा घुसला तो दोष माझा होता, त्याचा नव्हे.

नंतर एका जुन्या कोंबड्या पाळणाऱ्या आजींनी सांगितलं ते केलं आणि ते लागू पडलं. पँट आणि बूट घालून अंगणात जायचं. तो नाचत आला की मागे सरायचं नाही, लाथ मारायची नाही, हात हलवायचे नाहीत, त्याच्याकडे तोंड करून नुसतं उभं राहायचं. झेप घेतली तर घेऊ दे. मग शांतपणे एकेक पाऊल त्याच्याच दिशेने, तो बाजूला सरेपर्यंत. तो तोंड फिरवून खरंच दाणे टिपायला लागला की आपणही आपल्या कामाला लागायचं. तरी ऐकत नसेल तर दोन्ही पंख अंगाशी धरून उचलायचं, काखेत घेऊन पाच-दहा मिनिटं फिरायचं, पायाने उलटं टांगायचं नाही, आणि धडपड थांबल्यावरच खाली ठेवायचं. बँटम हलका असल्याने हे सासूबाईंनाही जमेल. मला तीन आठवडे लागले. घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागलं पाहिजे, एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने चप्पल फेकायची असं चालणार नाही. खाणंही हातावर देणं बंद करा, कणी टाकायची ती जमिनीवर.

आणि त्याला कोंबड्या आणा. एकटा कोंबडा म्हणजे काम नसलेला पहारेकरी. चार-पाच तरी आणा, दोनच आणल्या तर त्यांच्या पाठीची पिसं तो उपटून ठेवेल. त्यात एक-दोन पोक्त गावठी असू द्या, त्या तलंग्याला चांगल्या वठणीवर आणतात.

माझा कोंबडा कोंबड्या आल्यावर काय झाला ते सांगते. वाळवीचं ढेकूळ फोडलं की स्वतः खायचा नाही, एक किडा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, परत उचलायचा आणि टुक टुक टुक करत कोंबड्यांना बोलवायचा, त्या येऊन खाईपर्यंत उभा. एकदा दुपारी शिक्रा माडाच्या झावळीतून सुटला, याने एकच लांब बारीक आवाज काढला, कोंबड्या जिथे होत्या तिथून कण्हेरीच्या बुंध्याशी चिकटल्या आणि हा उघड्यावर मान तिरकी करून वर बघत उभा. मुंगूस आलं तर आवाज वेगळा, कट कट कट कटाक असा तुटक आणि मोठा. वरचा धोका आणि जमिनीवरचा धोका यांना कोंबड्याचे वेगवेगळे आवाज आहेत, हे आता अभ्यासातूनही पक्कं झालंय. तुमच्या पोदेरावर जो धावतो ना, तो याच कोंबड्याचा गुण, फक्त त्याने शत्रू चुकीचा धरलाय.

राखणदाराचा मान मला ठाऊक आहे, आमच्याकडेही नारळ जातोच. पण मुलीने हातावर वाढवलेला जीव रागाच्या भरात देऊ नका, तीन-चार आठवडे मन लावून हे करून बघा. काही कोंबडे खरंच सुधारत नाहीत, तेव्हा त्याला मोठं जाळीचं खुराडं करून वेगळं ठेवा, आणि त्याची अंडी मात्र उबवायला बसवू नका, तापटपणा पोरांमध्ये उतरतो.

प्रश्न : फोंड्याला कॉलनीत राहतो, अंगण बारकं. बँटम कोंबडा आहे, स्वभावाने गरीब, पण पहाटे चारला आरवायला लागतो. शेजारी वैतागलेत. रात्री टोपलीखाली झाकला तरी तेच. गळ्यात पट्टा बांधला की आवाज बंद होतो असं एकाने सांगितलं.

उत्तर : कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही असं आपले लोक म्हणतात, पण झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. त्याच्या अंगातच घड्याळ असतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे कायमच्या मंद उजेडात ठेवून बघितले, तरी ते पहाट व्हायच्या सुमाराला आपले आरवायचेच, २०१३ साली ते छापून आलं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की कळपात वरच्या नंबरचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्या मागून. तर ही खोड नाही, त्याला मारून किंवा उपाशी ठेवून काही होणार नाही.

आवाज कमी करता येतो. शेजाऱ्यांपासून लांबच्या भिंतीशी खुराडं हलवा, रात्रीपुरतं आत अंधार राहील असं करा म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचे लाइट आणि इतरांच्या बांगा कमी पोचतील, आणि सातनंतर सोडा. पण हवा खेळती पाहिजे, आपल्याकडच्या दमट हवेत बंद खोक्यात तो गुदमरेल. पट्टा बांधू नका. जरा घट्ट झाला की श्वास आणि घास दोन्ही अडतात, उकाड्यात कोंबडा मुख्यतः तोंड उघडून धापा टाकून अंग थंड ठेवतो, मे महिन्यात तर जीवच जाईल. शेजाऱ्यांना महिन्यातून चार अंडी नेऊन द्या, माझ्या अनुभवात याचा उपयोग खुराडं हलवण्याइतकाच होतो.

प्रश्न : पेडण्याला आमच्याकडे एकाच कोंबडीचे दोन भाऊ आहेत, सहा महिने एकत्र सुखाने राहिले, आता तुऱ्यातून रक्त येईपर्यंत भांडतात. गावातला एक माणूस दोन्ही मागतोय, पैसे बरे देतो म्हणतो. झुंजीसाठी हवेत हे कळतंय. द्यावे का?

उत्तर : नाही. कृपा करून नाही. तुमच्या घरी दोघे भांडतात तेव्हा हरणाऱ्याला मान खाली घालून पळायला जागा असते आणि जिंकणारा तिथेच थांबतो, जागा ठरली की भांडण संपलं. झुंजीत पळायची वाटच बंद केलेली असते आणि पायाला पातं बांधतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्यात प्राण्यांच्या झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

घरी दोघांना ठेवायचं तर दोन खुराडी करा, मधली जाळी खालून फूट-दीड फूट झाकून घ्या म्हणजे एकमेकांना बघून दिवसभर जाळीवर उड्या मारणार नाहीत. दुसरी युक्ती म्हणजे दोघांनाही कोंबड्यांच्या नजरेआड एकत्र ठेवायचं, वाटणी करायला कोंबडीच नसली की पुष्कळ भाऊ सुखाने राहतात, पण आधी दोन दिवस जवळ बसून बघा. जखमी तुरा कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, हळद लावा, आणि तो बरा होईपर्यंत वेगळा ठेवा, रक्त दिसलं की बाकीच्याही टोचत राहतात. आणि दाराशी चकचकीत स्कूटर लावत असाल तर तिच्यावर गोणपाट टाका, एक भाऊ लांब नेला की दुसरा स्वतःच्याच प्रतिबिंबाशी चोच फुटेपर्यंत भांडतो.

प्रश्न : मडगावहून लिहितेय. कोंबडी म्हणून विकत घेतलेली सिल्की (कापसासारख्या मऊ पिसांची जात) पाच महिन्यांची होऊन काल चक्क आरवली! कोंबडी आरवणं वाईट म्हणतात. आणि हा नर असेल तर तोही अंगावर येईल का?

उत्तर : वाईट काही नाही, तो बहुधा नरच आहे. सिल्कीचा नर-मादी फरक चार-पाच महिन्यांपर्यंत विकणाऱ्यालाही नीट कळत नाही. डोक्यावरच्या झुपक्यातून काही पिसं लांब होऊन मागे वळलेली दिसतात का बघा, मादीचा झुपका गोल असतो. स्वभावाचं म्हणाल तर सिल्की आणि कोचीन बँटम यांचे नर साधारण मवाळच असतात, वर वाढवण्याबद्दल लिहिलंय तेवढं सांभाळा. तुम्हाला काळजी पावसाची करायला हवी. सिल्कीच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, कापसासारखं आत मुरतं, आणि आपल्याकडच्या जूनच्या झडीत एकदा भिजला की सुकत नाही, म्हणून आत्ताच खुराड्यावर पत्रा आणि जमिनीपासून वीतभर उंच फळी घालून घ्या.