मुली स्वतः वाजवतात असे जपानी बँड: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅनिमेमुळे जपानी गाण्यांची गोडी लागली, वय १९, नाचणारे आयडॉल ग्रुप नकोत, मुली स्वतः वाद्यं वाजवतात आणि गाणी लिहितात असे बँड हवेत, आणि आधी काय ऐकायचं ते सांगा.

आधी चात्तोमोंची ऐका. तीही सुटी गाणी नकोत, ‘सेइमेइर्योकू’ (म्हणजे जीवनशक्ती) हा २००७चा अल्बम सलग ऐका. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाच्या या तिघी. एरिको हाशिमोतो गाते आणि गिटार वाजवते, आकिको फुकुओका बास आणि कुमिको ताकाहाशी ड्रम. चाली हाशिमोतोच्या, शब्द मात्र तिघींचे. त्यामुळे एकाच अल्बममध्ये तीन वेगवेगळे स्वभाव भेटतात. त्यातलं ‘शांग्रिला’ हे गाणं ‘हातराकी मान’ या अ‍ॅनिमेच्या शेवटी लागायचं. मासिकाच्या कचेरीत दिवसरात्र राबणाऱ्या बाईची ती मालिका आहे.

हे गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. सुरुवातीला ड्रमचा खालचा ठोका एकसारखा, प्रत्येक मात्रेवर पडतो. त्याच्यावर कान ठेवा. तिघींचा बँड म्हणजे गिटार एकच. ती खालचे सूर सोडून वरच्या पट्टीत गेली की खाली फक्त बास आणि ड्रम उरतात, आणि ती मोकळी झालेली जागा बास कशी भरून काढतो हे स्पष्ट कळतं. बँड ऐकायला शिकायचं तर चार-पाच जणींच्या भरगच्च आवाजापेक्षा अशा तिघींपासून शिकणं सोपं. २०११ मध्ये ताकाहाशी बाहेर पडली, तेव्हा नवी ड्रमर आणण्याऐवजी फुकुओका स्वतःच ड्रमवर बसली आणि दोघींनी २०१२ मध्ये ‘हेनशिन’ (रूपांतर) केला. सेइमेइर्योकूनंतर लगेच तो लावा, फरक ऐकू येईल. २०१८च्या जुलैत बँड संपला.

तुम्हाला गिटार शिकायची असेल तर स्कँडल. २००६ मध्ये ओसाकात सुरू झालेल्या या चौघी एका गायन-नृत्य शाळेत भेटल्या, आणि सुरुवातीला ओसाका किल्ल्याजवळच्या बागेत उघड्यावर वाजवायच्या. ‘ब्लीच’ पाहिलं असेल तर ‘शोओजो एस’ आणि ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’ पाहिलं असेल तर ‘शुनकान सेंटिमेंटल’ तुमच्या कानावर आधीच पडलंय. सदस्य न बदलता सर्वांत जास्त काळ चालू असलेला महिला रॉक बँड म्हणून २०२३ मध्ये त्यांची गिनेसने नोंद घेतली. हारुना गाताना जी ऱ्हिदम गिटार वाजवते ती बहुतांशी पॉवर कॉर्डची (दोन-तीन तारांवरच धरायचे सोपे आकार), म्हणून नवशिक्या हाताला झेपते. यूट्यूबवर वेग ०.७५ करून आधी फक्त उजव्या हाताचा ठेका पक्का करा. मुली बहुधा इथेच चुकतात: डाव्या हाताचे आकार पाठ होतात, पण गाण्याच्या वेगात उजवा हात आखडतो. जपानी दुकानांत ‘बँड स्कोअर’ नावाची पुस्तकं मिळतात, त्यांत प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहिलेला असतो. मैत्रिणींचा बँड काढायचा असेल तर ती घ्या.

आता ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय त्या: ओतोबोके बीव्हर. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाच्या संगीत क्लबातून आलेला, चौघींचा पंक (म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक) बँड. २०२२चा ‘सुपर चाम्पोन’ हा अल्बम १८ गाण्यांचा आणि तरी साधारण २१ मिनिटांचा. काही गाणी मिनिटभरही टिकत नाहीत. त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘सारादा तोरिवाकेमासेन कोतोयो’, म्हणजे ‘सॅलड वाढून देणार नाही’. जपानमध्ये ऑफिसची मंडळी इझाकायात (खाण्यापिण्याच्या जपानी बारमध्ये) बसली की मधोमध आलेलं सॅलड सगळ्यांच्या ताटलीत वाढायचं काम तिथल्या तरुण मुलीनं करावं, अशी न बोललेली अपेक्षा असते. (घरच्या पंगतीत वाढायला कोण उठतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) गंमत ‘कोतोयो’ या शेवटात आहे. ही खानदानी घरातल्या मुलींची अतिनम्र बोली. नकार द्यायचा तो अशा अदबीच्या भाषेत, आणि मागे गिटारांचा कल्लोळ. शीर्षकाचा अर्थ माहीत नसेल तर हा बँड नुसता आरडाओरडा वाटतो आणि पहिल्या दोन मिनिटांत बंद केला जातो. म्हणून आधी शीर्षकांचे अर्थ वाचा, मग आवाज वाढवा.

‘गोड दिसा’ या दबावाला वेगळ्या वाटेनं उत्तर देणारा बँड म्हणजे नागोयाचा चाइ. माना आणि काना या जुळ्या बहिणी, सोबत युना आणि युकी. ‘निओ कावाइ’ हा त्यांचा शब्द: प्रत्येक जण जशी आहे तशीच कावाइ, म्हणजे गोड. २०१९चा ‘पंक’ घ्या. नावावर जाऊ नका, तो नाचरा पॉप आहे. २०२४ मध्ये हा बँड थांबला. नुसतं ‘चाइ’ शोधलंत तर चहाचीच गाणी समोर येतील, म्हणून सोबत अल्बमचं नाव टाका.

शांत, धुक्यासारख्या गिटारी आवडत असतील तर हित्सुजीबुनगाकू. यात गिटार आणि बास मुलींकडे, ड्रमवर मात्र या गाण्यांच्या वेळी पुरुष होता. त्यांची गायिका मोएका शिओत्सुका हिचा आवाज ‘जुजुत्सु कायसेन’च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तुम्ही ऐकला असेल, पण मी आधी ‘हिकारू तोकी’ लावेन, ते ‘हेइके मोनोगातारी’ या अ‍ॅनिमेचं सुरुवातीचं गाणं. क्योतोच्या ट्रिकोचा २०१३चा अल्बम मोजत ऐकायचा: गाणं सरळ चालतं आणि खाली मात्रा पाच, सात अशा पडतात. रूपक, झपताल हातावर धरलेल्यांना हे लवकर साधतं. बँड-मेडच्या मोलकरणीच्या पोशाखाकडे पाहून त्यांना सोडू नका. पोशाख नाजूक आणि वाजवणं कणखर हा विरोधाभास त्यांनी मुद्दाम उभा केलाय. ‘वर्ल्ड डॉमिनेशन’ (२०१८) पासून सुरू करा. आणि या सगळ्यांच्या आधी, १९८१ मध्ये ओसाकात सुरू झालेला शोनेन नाइफ, ज्यांची कितीतरी गाणी खाण्यापिण्यावर आहेत आणि ज्यांना निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडनं १९९१ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर सोबत नेलं.

‘बोच्ची द रॉक’ या अ‍ॅनिमेतला केस्सोकू बँड आवडला असेल तर एक लक्षात घ्या: गाणी आवाज देणाऱ्या कलाकारांनी गायलीत, वाद्यं स्टुडिओतल्या वादकांनी वाजवलीत. गाणी सुरेखच आहेत, पण तुम्ही मागितलंय ते हे नाही.

शोधताना दोन अडचणी येतात. अ‍ॅनिमेतलं गाणं शोधलं की जेमतेम दीड मिनिटाची ‘टीव्ही साइझ’ किंवा कुणीतरी केलेलं कव्हर आधी वर येतं, तेव्हा गाण्याची लांबी पाहूनच दाबा. दुसरी, रोमन अक्षरांतली नावं: ‘ओयू’ असं लिहिलेलं दिसलं तरी तो ‘औ’ नव्हे, दीर्घ ‘ओ’ आहे. ‘हित्सुजी’तला त्सु मराठी माणसाला फुकट मिळालाय, तो ‘चुलत’मधल्या ‘चु’च्या अगदी जवळचा आहे.

नवीन व्हिडिओचा प्रीमियर जपानच्या रात्री आठला असेल तर आपल्याकडे दुपारचे साडेचार असतात, कॉलेजचा तास पाहून गजर लावा. मैफलीची डीव्हीडी मागवणार असाल तर आधी मागचा शिक्का पाहा: जपानचा विभाग २, भारताचा ५. ब्लू-रेला जपान ए, भारत सी. शिक्का जुळत नसेल आणि घरचा प्लेअर सर्व विभागांचा नसेल तर डिस्क लागणार नाही, मग त्या पैशांत साधी सीडी घेतलेली बरी, तिला विभागाची अट नसते.